तळाचा पत्रा

"अगो, टोमॅटो खंय गेलो?" माईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

बाजारातून परतताना वळणावर त्यांची पिशवी कलंडली होती. चार टोमॅटो त्यांनी मांडीवरच अडवले, पाचवा घरंगळत माझ्या पायाशी आला होता. मी वाकून चाचपलं. मॅटवर नव्हता, मॅटच्या बाजूलाही नव्हता. तेवढ्यात मागून येणाऱ्या सायकलवाल्याने हाक मारली, "सर, तुमचा टोमॅटो पडला." वळून मागच्या काचेतून बघितलं, तर रस्त्याच्या मधोमध आमचा टोमॅटो अगदी शाबूत बसला होता. गाडीची चारही दारं बंद होती.

नानांनी गाडी कडेला घेतली. उतरून माझ्या बाजूला आले आणि त्यांनी मॅट उचलली. मी गेले आठ महिने जिथे पाय ठेवून बसत होते, तिथे बशीएवढं भोक होतं आणि त्यातून वेंगुर्ल्याची डांबरी सडक दिसत होती.

नानांनी भोकाच्या काठावरचा तांबूस भुगा बोटावर घेतला. मग म्हणाले, "ऑक्सिडेशन."

नाना म्हणजे माझे सासरे, मधुसूदन सामंत. एकतीस वर्षं त्यांनी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गावात कोणी त्यांना 'सर' सोडून दुसरी हाक मारत नव्हतं. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. माझं लग्न आदल्या जूनमध्ये झालं होतं. माझा नवरा हेमंत कणकवलीला बँकेत होता, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. एरवी घरात नाना, माई आणि मी.

आणि ती फियाट. आकाशी रंगाची, नानांनी त्र्याऐंशी साली कोरी घेतलेली. नानांचा एक शिरस्ता होता. दर रविवारी संध्याकाळी गाडी थेट समुद्रावर न्यायची, ओल्या वाळूवरून चाकं फिरवायची आणि मावळता सूर्य गाडीत बसून बघायचा. खाऱ्या पाण्याने तिला पंधरा वर्षं खालून चाखलं, ते वरून कोणाला दिसलं नव्हतं.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडीचं पुन्हा पासिंग करून घ्यायचं. सावंतवाडीला आरटीओचा कॅम्प होता, अकरा दिवसांनी. पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती, आणि माईंचे गुडघे एसटीची पायरी चढण्यापलीकडे गेले होते. बाजारातल्या गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की हातात कामं फार आहेत, महिनाभर तरी जमणार नाही.

"नको जमू दे," नाना घरी आल्यावर म्हणाले. "लोखंड का गंजतं हे मी हजारो मुलांना शिकवलंय. मला एक गंज काढता येणार नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रयोगशाळेतला जुना पांढरा कोट चढवला. अंगणात, फणसाच्या सावलीत गाडी घेतली. पुढच्या सीट काढून ओसरीवर ठेवल्या, त्यातल्या एकीवर माई तांदूळ निवडायला बसल्या. नानांनी काचेच्या बाटलीत पातळ केलेलं आम्ल घेतलं, तारेचा ब्रश घेतला आणि घासायला लागले. ते गंज काढत होते आणि गंजाबरोबर पत्राच निघत होता. दुपारपर्यंत बशीची थाळी झाली. संध्याकाळी माईंनी ओसरीवरून विचारलं, "होतला काय ता?" आणि नाना आतून म्हणाले, "मूळ प्रश्नाचं आकलन होतंय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी भोकात वर्तमानपत्राचे बोळे दाबून बसवले, वर पेंटरकडून आणलेली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरली, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली आणि काळा रंग दिला. मग आम्हा दोघींना बोलावलं.

"बरा दिसता," माई म्हणाल्या.

दिसत बरंच होतं. पण माझी बोटं शिवशिवत होती. तीन दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि गप्प राहायला मला फार कष्ट पडले होते. मी वाकले आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. आख्खा गोळा खाली अंगणात पडला. उलटा पडल्यामुळे त्यावर परवाच्या पेपरातलं हवामान वाचता येत होतं.

"जोरात मारलंस का?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना."

"मग?"

"लांबी नुसती वरून झाकते. आधी चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते शोधायला हवं."

"ते कसं शोधणार?"

"वाजवून."

मी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, उलटा धरला आणि मुठीकडच्या बाजूने भोकाच्या काठापासून बाहेर बाहेर ठोकत गेले. गंजलेला पत्रा नुसता भद्द करतो, चांगला पत्रा ठणकन उत्तर देतो. जिथे जिथे आवाज बदलला तिथे मी खडूने खूण केली. खुणा जोडल्यावर नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. डावीकडचा पाय ठेवायचा जवळजवळ सगळा भाग आत आला होता, आणि नाना जिथे टाच टेकून ब्रेक दाबायचे, तिथला तळहाताएवढा तुकडासुद्धा.

"हे तुला कुठून माहीत?"

"आबांच्या गॅरेजात बघितलंय." आबा म्हणजे माझे वडील.

"छान," नाना म्हणाले आणि आत जाऊन वही घेऊन आले. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: 'गंज. प्रयोग पहिला, फसला.' खाली रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं. "हं. सांग."

पुढचे दोन दिवस मी सांगत होते आणि ते करत होते, आणि जे त्यांना जमत नव्हतं ते मी करत होते. पत्रा कापायच्या कात्रीने सगळा सडका भाग काढून टाकला. माझ्या लग्नातल्या शालूचा पुठ्ठ्याचा खोका फाडून त्याचा माप घ्यायचा साचा केला. कडा दुमडण्यासाठी दोन बोटं जास्त ठेवायची, हेही मी सांगितलं. पत्रा कुठून आणायचा यावर मात्र घरात थोडी बोलाचाली झाली. माईंच्या लोखंडी कपाटाच्या फळीचा पत्रा अगदी हवा तितक्या जाडीचा होता, हे दुर्दैवाने माझ्याच तोंडून गेलं.

"माझ्या कपाटाची फळी?" माई म्हणाल्या. "आणि लुगडी खंय ठेवू? तुमच्या वहीत?"

"तुझे गुडघे याच गाडीतून जातात," नाना म्हणाले.

माईंनी कपाट रिकामं केलं. सगळ्यात खालची फळी दिली, आणि तीसुद्धा स्वतः पुसून.

फळी मापाने कापली, कडा वळवल्या, जागेवर ठेवून बघितली. छान बसली. मी मागे सरून बघत होते, स्वतःवर खूश होते, आणि त्या नादात पुढे काय येणार आहे याचा मला विसर पडला होता.

"आता जोडायचं कसं?" नाना म्हणाले.

"गॅस वेल्डिंग."

"ते तुला येतं?"

"नाही. ते आबांनी कधी हातात दिलं नाही."

"मग सोपं आहे. तुझ्या वडिलांना फोन करू. गॅरेजमधला एखादा कारागीर दोन दिवस पाठवतील. व्याह्याची गाडी अडल्यावर माणूस पाठवायला त्यांना काय अडचण?"

मला एकदम अंगणातलं ऊन लागायला लागलं.

आता खरं सांगायला हवं. माझे वडील, हिंदुराव पोवार, कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका गॅरेजात डेंटर होते. तीस वर्षं तिथेच. ठोकलेल्या, चेपलेल्या, सडलेल्या गाड्या ते सरळ करायचे. मी सहा वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून शाळा सुटली की मी तिथेच जायची, दप्तर भिंतीला टेकवून आबांच्या कामापाशी बसायची. आबा बाहेरून हातोडी मारायचे आणि पत्र्याच्या आतल्या बाजूने मी लोखंडी ठोकळा धरून बसायची. त्याला डॉली म्हणतात. ठोकळा बरोबर जागी असला तरच घाव नीट बसतो. बारा वर्षांची होईपर्यंत मी आबांच्या हाताकडे न बघता आवाजावरून ठोकळा सरकवत होते.

मग कॉलेज आलं, हेमंत भेटला, आणि माई मला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणाले, "त्यांचं गॅरेज आहे." गॅरेजात असतात, असं म्हणायचं होतं. खरंच तसंच म्हणायचं होतं का, हे मी पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलंय. माईंनी ते नातेवाइकांना सांगताना 'मोठं गॅरेज' केलं. हेमंतला खरं ठाऊक होतं. तो हसला आणि म्हणाला, "तूच सांग केव्हातरी." ते केव्हातरी आठ महिने आलं नव्हतं.

लग्नाच्या पंगतीत नानांच्या एका चुलतभावाने आबांना विचारलं होतं, "किती माणसं आहेत हो गॅरेजला?" मी शेजारच्याच पानावर होते. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आठ-धा जण हाईत," ते म्हणाले. खोटं नव्हतं. त्या आठ-दहा जणांत ते एक होते, एवढंच.

आबांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणावाल्याकडे होता. नानांनी सकाळी आठला तो लावला, आबांना बोलावणं गेलं. मी ओसरीवर केर काढत होते आणि एकच कोपरा पुन्हा पुन्हा झाडत होते. मला नानांचंच बोलणं ऐकू येत होतं. "तुमच्या गॅरेजमधला एखादा चांगला माणूस... हो, दोन दिवस... अहो, उपकार कसले." मग त्यांनी फोन ठेवला. "पाठवतो म्हणाले. गुरुवारी."

गुरुवारी दुपारच्या एसटीने आबाच आले. लग्नातला सफारी अंगात, पायात पॉलिश केलेले बूट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पिशवीच्या ओझ्याने खांदा एका बाजूला उतरला होता.

"कोण माणूस मोकळा न्हाई, सर," ते नानांना म्हणाले, "म्हणून म्हटलं आपणच जावं. मला काय तितकं येत न्हाई. पण बगून बगून थोडं कळतंय."

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून तांब्या देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

बाजारातल्या गॅरेजवाल्याने गॅसची नळकांडी दोन दिवसांपुरती दिली, ती हातगाडीवरून आली. आबांनी ओली पोती मागितली, पेट्रोलची टाकी उतरवायला लावली. तिथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी फळीची कड बसवायला हातोडी घेतली आणि मी बघतच राहिले. त्यांनी ती अगदी डोक्यापाशी धरली होती, भिंतीवर कॅलेंडरचा खिळा मारायला धरतात तशी. पहिला घाव कडेवर बसला. दुसरा सरकला. तिसरा सरळ चौकटीवर गेला.

"व्याही, थांबा," नाना म्हणाले. "दांडा शेवटाला धरा. ही तरफ आहे. बल गुणिले अंतर. जितकं अंतर जास्त तितकं तुमचं काम कमी."

"व्हय का?" आबा म्हणाले. "हे बरं सांगितलंसा."

नाना खुलले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना विद्यार्थी मिळाला होता, तोही असा आज्ञाधारक. धातू तापल्यावर प्रसरण कसा पावतो, ज्योतीचा निळा भाग आणि पिवळा भाग, कुठल्या भागात उष्णता जास्त, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. आबा मान डोलवत ऐकत होते. मग त्यांनी वेल्डिंगची ज्योत एकाच जागी इतका वेळ धरली की माईंच्या फळीला नवं भोक पडलं.

"तापमान जास्त झालं," नाना प्रेमाने म्हणाले. "पहिल्यांदा होतं असं."

शुक्रवारी सकाळीही तेच. जोड वेडावाकडा, कुठे जाड गाठ, कुठे फट. आबांचं वय अठ्ठावन्न. माझ्या लग्नानंतर ते एकटे राहत होते. डोळे गेले असतील का, हात कापत असेल का, आणि तसं असलं तर गॅरेजात काय चाललं असेल, मालकाने अजून ठेवलं कसं असेल, असं काय काय मनात येत होतं. त्यांच्या हातोडीचे घाव मी लहानपणापासून ऐकले होते. एकासारखा एक. एक घाव दुसऱ्यापेक्षा जड पडला तर मला ठोकळ्यातून कळायचं, आणि तसं क्वचितच व्हायचं.

दुपारी जेवणाआधी ते मागच्या विहिरीवर हात धुवायला गेले. मी पाणी ओढून देण्याच्या निमित्ताने मागोमाग गेले.

"आबा, डोळ्यांना कमी दिसतंय का?"

"न्हाई."

"मग हाताला काही झालंय?"

"हाताला काय हुतंय?"

"सकाळपासून हातोडी सात वेळा चुकली. मी मोजलंय."

आबांनी साबण कोपरापर्यंत लावला. सावकाश, एका एका बोटाचा काळा काढत.

"चुकायलाच पायजे न्हवं," ते म्हणाले. "मालकाची हातोडी हाय ती. मालक कुटं रोज पत्रा ठोकतोय?"

मी पोहरा धरून उभी राहिले.

"लग्नात ऐकलं की मी," आबा म्हणाले. "तुझ्या सासूबाई सांगत हुत्या कुणाला तरी. म्हटलं, पोरीनं काय तरी इचार करून सांगितलं आसंल. आता आपण येऊन तिला खोटं कशाला पाडायचं?"

त्यांच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. कुठली एसटी धरून आलो हे सांगावं, तसं ते सांगत होते.

"फकस्त एक हाय, उजे. वाईट काम कराय लई जड जातंय. चांगलं कराय एवढा येळ लागत न्हाई." त्यांनी हात पुढे केले. "वत पाणी."

मी पाणी ओतलं. हात पूर्ण धुऊन होईपर्यंत ओतत राहिले. मग पोहरा कट्ट्यावर ठेवला आणि घराला वळसा घालून अंगणात आले. नाना गाडीच्या दारात वही घेऊन बसले होते आणि जोडाचं चित्र काढत होते. माई ओसरीवरून कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन उतरत होत्या.

"नाना, मला काही सांगायचंय."

"बोल."

"आबांचं गॅरेज नाही. ते तिथे कामाला आहेत. डेंटर आहेत, तीस वर्षं. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ते कालपासून मुद्दाम वाईट काम करतायत, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून."

एका दमात बोलून झालं. आबा माझ्या मागून येऊन उभे राहिले होते, ओल्या हातांनी. नानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे, मग खाली पडलेल्या हातोडीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"म्हणजे मी कालपासून यांना," ते म्हणाले, "तीस वर्षं हातोडी मारणाऱ्या माणसाला, हातोडी कशी धरायची ते शिकवतोय?"

"चांगलं शिकवत हुतासा, सर," आबा म्हणाले. "ते बल गुणिले अंतर मला म्हाईत नव्हतं. नुसतं हाताला म्हाईत हुतं."

नाना उठले आणि घरात गेले. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

माई पेल्यांचं तबक धरून मध्येच उभ्या होत्या. "आता मी काय करू?" त्या म्हणाल्या. "अख्ख्या वाडीक सांगलंय मी, मोठा गॅरेज आसा म्हणान."

"माई, चूक माझी आहे."

माईंनी थोडा विचार केला. "गॅरेज तुझा," त्या म्हणाल्या, "पण 'मोठा' माझा." मग तबक आबांपुढे धरलं. "सरबत घेवा, व्याही. उन्हात उभे आसात."

आम्ही तिघांनी सरबत प्यायलं. चौथा पेला तबकात तसाच होता. आबा म्हणाले की संध्याकाळच्या गाडीने ते निघतील, जाण्याआधी जोड नीट करून देतील, तासाभराचं काम आहे. मला वाटत होतं की आता या घरात मला जे काही मिळालं होतं ते सगळं मी अंगणात सांडून ठेवलंय.

दार उघडलं. नाना बाहेर आले. पांढरा कोट त्यांनी काढला होता आणि घडी करून हातात धरला होता. त्यांनी तो आबांपुढे केला.

"हा घाला. सफारी खराब होईल."

आबा घेईनात. नानांनी कोट उलगडला आणि धरून ठेवला, तेव्हा आबांना त्यात हात घालावेच लागले. बाह्या लांब होत्या, त्या त्यांनी दुमडल्या. कोल्हापूरचे हिंदुराव पोवार हुबेहूब रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिसायला लागले.

"तू माझ्याशी आधी बोलायला हवं होतंस," नाना मला म्हणाले. "त्याबद्दल नंतर बोलू." ते नंतर पुढे कधी बोललेच नाहीत. मग आबांना म्हणाले, "कालपासून झालंय ते सगळं उखडावं लागेल का?"

"उखडायलाच पायजे. बगवत न्हाई मला."

"उखडा. आणि मला पहिल्यापासून दाखवा. सावकाश. मी लिहून घेणार आहे."

त्या दिवशी दुपारचं जेवण चारला झालं. आबांनी वाकडे जोड छिन्नीने उडवले, फळीचा तुकडा काढला, त्याला पडलेलं भोक बुजवून तो पुन्हा सरळ केला. मी पदर खोचून गाडीखाली गेले आणि ठोकळा धरला. पहिला घाव ठोकळ्यावर उमटला आणि मला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. दुसरा पहिल्यासारखाच. तिसरा तसाच. मी डोळे मिटून ठोकळा सरकवत गेले. नाना कडेला उकिडवे बसले होते. ते काही वेळाने लिहायचे थांबले, नुसते ऐकत राहिले.

वेल्डिंगला आबा आधी सगळीकडे छोटे छोटे टाके घेतात, समोरासमोर, आणि मग ते जोडत नेतात. म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. नानांनी विचारलं, "प्रसरणामुळे?" आबा म्हणाले, "ते तुमी सांगा. मला येवढंच म्हाईत, एका बाजूनं गेलं की पत्रा रुसतो." नानांनी 'रुसतो' हा शब्द अवतरणचिन्हांत लिहून घेतला. शनिवारी हेमंत आला तेव्हा तळाला लाल प्रायमर लागला होता, आबा कोट घालून ओसरीवर पान खात होते आणि नाना त्याला गाडीखाली ओढून जोड दाखवत होते. हेमंतने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी होकाराची मान हलवली. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं."

आबांना नानांनी जाऊ दिलं नाही. "पासिंग बघितल्याशिवाय नाही," म्हणाले. रविवारी काळा रंग झाला आणि सोमवारी सकाळी आम्ही चौघं सावंतवाडीला निघालो. माईंनी मला नवी साडी नेसायला लावली होती. पासिंगला नवी साडी कशाला, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या की गाडीचं काही का होईना, आपण नीट दिसायला हवं.

मैदानात तीसेक गाड्या रांगेत होत्या. बाजूला एक मोठं झाड आणि त्याखाली चहाची टपरी. रांग सरकेना तेव्हा आबा उतरून तिकडे गेले. आमचा नंबर आला. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, चेसिसचा नंबर कागदावर घासून घेतला आणि कागदांवर सही करायला पेन उघडलं.

"तळ बघा," नाना म्हणाले.

"ठीक आहे काका, झालंय."

"नाही, बघाच तुम्ही. मॅट उचलून बघा."

साहेबांनी नाइलाजाने मॅट उचलली. वाकून हात फिरवला. मग दुसऱ्या बाजूनेही फिरवला, आणि थोडं थांबून खाली गुडघ्यावर बसून खालूनही बघितलं. "नवा पत्रा आहे होय? जोड सापडत नाही. कुठल्या गॅरेजात केलंत?"

नानांनी बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. माईही खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या.

"गॅरेजात नाही, घरी केलं," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी. ते डेंटर आहेत, कोल्हापूरला उद्यमनगरात कामाला असतात."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पुढच्या-मागच्या गाड्यांतले लोक वळून बघायला लागले. टपरीपाशी आबांच्या हातातला चहाचा ग्लास ओठांजवळ थांबला. ते कुणाकडेही बघत नव्हते, समोर बघत होते. मग त्यांनी चहा पिऊन टाकला.

साहेबांनी सही केली. आम्ही गाडी बाजूला घेत होतो तेवढ्यात पुढच्या जीपचा मालक धावत आला. त्याच्या मडगार्डचा पत्रा गंजून फाटला होता, धारदार कड बाहेर आली होती, आणि साहेबांनी त्याला सांगितलं होतं की चारपर्यंत दुरुस्त करून आण, नाहीतर पुढच्या कॅम्पला ये.

"बाई, तुमचे वडील आता हयच आसत काय?"

"ते बघा, झाडाखाली."

तो तिकडे गेला. आबा त्याच्याबरोबर जीपपाशी आले, मडगार्डच्या कडेवरून अंगठा फिरवला, दोन ठिकाणी वाजवून बघितलं. म्हणाले, फाटलंय तेवढं आत वळवून घेता येईल, पास होण्यापुरतं, पण पावसाच्या आत नवा पत्रा मारून घ्या. नानांनी न सांगता डिकी उघडली आणि कॅनव्हासची पिशवी दोन्ही हातांनी उचलून आणली. ती त्यांना चांगलीच जड गेली. वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. नानांनी त्यांतल्या पुढच्या दोघांना पत्रा का रुसतो ते सांगायला सुरुवात केली.

आबा खाली बसले. हातोडी दांड्याच्या शेवटाला धरली आणि मान वर न करता म्हणाले, "उजे, आतनं धर."

मी नव्या साडीचा पदर खोचला आणि मातीत बसले.

"कोण ती?" घोळक्यात कोणीतरी विचारलं.

फियाटच्या खिडकीतून माईंचा आवाज आला. "सून आसा माझी. जरा बाजूक व्हा, तिका उजेड येवंदे."